पामर्स्टन नॉर्थमधून आयर्लंडचा प्रचार

निवडणूक आयर्लंडमध्ये होती, उमेदवार माझी मुलगी होती आणि प्रचारप्रमुख मी होतो. यातली तिसरी गोष्ट माझ्या मुलीला कुणी सांगितली नव्हती.

तसं मलाही कुणी नेमलं नव्हतं. पण मी दीनानाथ समेळ, आयर्लंडपासून पार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पामर्स्टन नॉर्थमध्ये आयुष्यभर फार्मसी चालवलेला माणूस. या गावातल्या निम्म्या लोकांचं ब्लडप्रेशर मला पाठ आहे. निवृत्त झालो म्हणून माणूस काही लगेच निकामी होत नाही. हे मी स्वतःला रोज सकाळी दाढी करताना सांगतो, कारण त्या वेळी घरात ऐकायला दुसरं कुणी नसतं. माझी बायको विनया जाऊन आता तीन वर्षं होतील.

आमची सानिका आयर्लंडमधल्या एका छोट्या गावात, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नर्स आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथले लोक मला ओळखतात आणि फार बोलके आहेत. सानिकाचा फोन रविवारी सकाळी येतो. तिकडे शनिवारची रात्र होत आलेली असते आणि ती जांभई देत देत विचारते, "बाबा, ऑल गुड?" मी म्हणतो, "मजेत." मग ती हवा विचारते, मी वारा सांगतो. आमच्या गावात वाराच फार. डोंगरावर त्याच्यासाठी पवनचक्क्या उभ्या केल्यात, तरी पुरून उरतो. वाऱ्यावर आलो की आमचं बोलणं संपतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी मात्र ती जांभई न देता म्हणाली, "बाबा, आय एम स्टँडिंग फॉर द काउंटी कौन्सिल. इंडिपेंडन्ट." पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. इथल्या सगळ्याच मुलांचं तसं आहे. तिकडे म्हणे नागरिक नसलात तरी चालतं. तिथे राहत असलात की मत देता येतं आणि उभंही राहता येतं.

भानगड फुटपाथची होती. त्यांचं नर्सिंग होम गावाबाहेर, आणि गावात जाणाऱ्या रस्त्याला फुटपाथच नाही. वॉकर घेतलेली म्हातारी माणसं ट्रकच्या बाजूने जीव मुठीत धरून चालतात, नाहीतर चालणं सोडून खिडकीत बसतात. सानिकाने अर्ज केले, खेटे घातले, कौन्सिलने तिला दर वेळी अत्यंत सभ्य भाषेत नाही म्हटलं. शेवटी ही बया स्वतःच उभी राहिली. आईवर गेली आहे.

मी विचारलं, माझी काही मदत? तर म्हणाली, "नो नो, बाबा, यू जस्ट टेक केअर." टेक केअर. हे मी गिऱ्हाइकाला औषधाची पिशवी देताना म्हणायचो. त्याचा अर्थ, झालं तुमचं काम, आता पुढच्याला येऊ द्या. मला लागलं ते. मी फोन ठेवला आणि त्याच क्षणी प्रचारात उतरलो.

पहिलं काम म्हणजे सल्लामसलत. आमच्या मराठी मंडळात प्रमोद म्हणून आहे. गवतावर संशोधन करतो, म्हणजे दिवसभर गवताशी बोलतो आणि संध्याकाळी माणसांशी दुप्पट. त्याचे मामा एकदा नगरसेवक म्हणून निवडून आले होते आणि एकदा पडले होते, त्यामुळे त्याला दोन्हींचा अनुभव. तो म्हणाला, काका, फ्लेक्सशिवाय निवडणूक म्हणजे अक्षतांशिवाय लग्न. उमेदवाराचा हात जोडलेला मोठा फोटो आणि भोवती शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, एवढं तरी पाहिजेच.

सानिकाचा हात जोडलेला फोटो एकच निघाला, तो पाचवीतला, गणपतीसमोरचा. तो बाद झाला. शेवटी डिग्री घेतानाचा लावला. शुभेच्छुकांवरून मात्र मंडळात महाभारत झालं. वरच्या रांगेत कोण, यावर दोन कुटुंबांनी आपसात बोलणं सोडलं. मंडळाची अध्यक्ष निशिगंधा, ही इथल्या हॉस्पिटलात सीनियर नर्स आहे, तिने पेशंटना करते तसं सगळ्यांना दटावलं आणि स्वतःचा चेहरा मधोमध टाकला. खाली प्रमोदने मराठीतच लिहिलं, 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार, पामर्स्टन नॉर्थ'. असल्या मजकुराचं इंग्रजी करायचं नसतं असं त्याचं म्हणणं. छापणाऱ्या गोऱ्या माणसाने सगळे चेहरे बघितले आणि हळू आवाजात विचारलं, यातले वारले किती जण?

पोस्टात आणखी तऱ्हा. काउंटरवरच्या बाईने फ्लेक्स गुंडाळलेलं नळकांडं हातात घेऊन विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, माझी मुलगी. तिने नळकांडं खाली ठेवलं. मग भेट, कागदपत्रं, विक्रीचा माल यातलं हे काय धरायचं यावर आमची बरीच चर्चा झाली, मागे रांग वाढली, आणि अखेर तिने दयाळूपणे 'टेबलक्लॉथ' असं लिहून प्रश्न मिटवला. आयर्लंडच्या कस्टम्सने ते उघडलं आणि इतक्या लोकांचे चेहरे असलेला टेबलक्लॉथ कोण वापरतं, असं सानिकाला पत्राने विचारलं.

सानिकाचा फोन वाराबिरा न विचारता सुरू झाला. "बाबा, हू आर दीज पीपल?" मी नावं सांगायला लागलो तर म्हणाली, तसं नाही. तिकडच्या कायद्याप्रमाणे पोस्टरवर छापणाऱ्याचा नाव-पत्ता लागतो. तो नव्हता. म्हणजे आमचा मित्रपरिवार खांबावर चढायच्या आधीच बेकायदेशीर ठरला होता. पण फेकून द्यायला तिचं मन झालं नाही. ब्रिडीने मागितला म्हणून तिला देऊन टाकला. ब्रिडीने तो आपल्या खोलीत, कपाटावर, दारं बंद होऊन बसतील असा आडवा लावला.

आता ब्रिडी कोण, ते सांगायला हवं. आमच्या शेजारी वीस वर्षं मॉरीन राहत होती, मूळची आयर्लंडची. सानिका शिकून जग बघायला निघाली तेव्हा मॉरीनच म्हणाली होती, माझ्या गावाला जा, माझी थोरली बहीण ब्रिडी तुला जेवायला घालेल. पोरगी जेवायला गेली ती तिथेच राहिली. ब्रिडी आता सानिकाच्याच नर्सिंग होममध्ये असते. मॉरीन गेल्या वर्षी टौरंगाला मुलाकडे गेली, त्याच्या किवीफ्रूटच्या बागा आहेत. शेजारच्या घरात आता विद्यार्थी राहतात. कुंपणावरून 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणतात आणि झोपायला जातात. चांगली मुलं आहेत. पण मॉरीनशी कुंपणावर उभं राहून चहा थंड होईपर्यंत बोलता यायचं, तसं नाही.

मी मॉरीनला टौरंगाला फोन करून ब्रिडीचा नंबर घेतला. यात माझा एक सूक्ष्म विचार होता. सानिकाला ड्यूटीवर असताना मत मागता येत नव्हतं, तसा तिथला नियमच. मी कुठे ड्यूटीवर होतो? मला कुणीच ड्यूटीवर ठेवत नव्हतं.

इकडे सकाळचे सहा म्हणजे तिकडे आदल्या संध्याकाळचे सात, त्यांचं जेवण उरकून मंडळी रिकामी बसलेली. मे महिना, इथे हिवाळा तोंडावर, बाहेर अंधार आणि थंडी, मी खोली गरम करणारा हीट पंप लावून, चहा घेऊन, स्वेटरवर स्वेटर चढवून स्वयंपाकघरात फोन लावायचो. पहिल्या फोनला मी भाषण लिहून घेतलं होतं. ब्रिडीने पहिल्या वाक्यालाच अडवलं आणि विचारलं, तू काही खाल्लंस का?

तिथली मतं देण्याची पद्धत मोठी सुसंस्कृत आहे. एका भागातून चार-पाच जण निवडून जातात, पण शिक्का वगैरे नाही. कागदावर उमेदवारांपुढे आपल्या आवडीने एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. तुमचा पहिल्या नंबरचा माणूस पडला तर तुमचं मत दुसऱ्या नंबरवाल्याकडे जातं. प्रमोदला हे समजावताना माझा आवाज बसला. आणि तिकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. 'बघू हां' एवढंच म्हणतात, तेही इतक्या मायेने की आपण आभार मानून फोन ठेवतो आणि मग बसतो विचार करत.

ब्रिडीने फोन मिकला दिला. मिक म्हणजे ट्रकचा आरसा कोपराला घासून गेलेला म्हातारा, तरी गावातल्या पबला चालतच जाणार म्हणणारा. मिकने तो शेजारणीला दिला. मग त्यांनी गावातल्या भावांचे, भाच्यांचे, मयत नवऱ्याच्या मित्रांचे नंबर दिले. पंधरवड्यात मी त्या गावात इतक्या घरी बोलत होतो की इथे राहून इतकी वर्षं झाली, पण इथे मला एवढे लोक ओळखत नाहीत.

मतांचं बोलणं चटकन संपायचं. पुढे सगळं इतर. गुडघे कुणाचे कसे आहेत, तिथे पाऊस किती, इथे फीजोआ किती. आमच्या परसात फीजोआचं झाड आहे, एप्रिल-मेमध्ये टोपल्याच्या टोपल्या फळं पडतात. विनया त्यांचा मुरांबा करायची. आता ती पडतात आणि पडूनच राहतात. हे मी मिकला सांगितलं. चहा टाकताना हात अजून दोन कप पाणी घेतो आणि मग दुसरा कप मीच पितो, त्याने पित्त होतं, हेही सांगितलं. संध्याकाळी हीट पंप सुरू झाला की 'आलास का' असं मी त्याला विचारतो, हे ब्रिडीला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. प्रचाराच्या ओघात निघून गेलं. समोरचा माणूस 'मग पुढे?' असं म्हणाला की गप्प बसणं मला जमत नाही, आणि ती माणसं प्रत्येक वाक्याला 'मग पुढे?' म्हणतात. सानिकाला मी यातलं अवाक्षर कधी बोललो नव्हतो. तिला रविवारी मी मजेत असायचो.

मतदानाला पंधराएक दिवस उरले असतील. सकाळी मी फोन लावला तर ब्रिडीचा आवाज नेहमीपेक्षा खुशीत. ती म्हणाली, "दीनानाथ, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तुझ्या मुलीला आम्ही मत देणार नाही."

मला वाटलं माझ्या भाषणात काही चूक झाली. मी विचारलं, फुटपाथ नकोय का तुम्हाला?

"फुटपाथ हवाय रे. पण ती निवडून आली की पाच वर्षं इथे अडकली. तू तिकडे दोन-दोन कप चहा एकटा पितोस. पडली तर पोर तुझ्याकडे परत तरी येईल. मिकचाही होकार आहे. गावातल्यांनाही आम्ही कळवलंय. काही बोलू नकोस, आभार मानायची गरज नाही."

मी आभार मानले. सवयीने मानले. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो.

आता यात हसण्यासारखं आहे हे मला कळतं. माणूस मुलीसाठी मतं मागायला जातो आणि अख्खा गाव तिच्या विरोधात उभा करून येतो, असा प्रचारप्रमुख प्रमोदच्या मामांच्या पक्षातसुद्धा झाला नसेल. पण खरं सांगतो, त्या सकाळी मला हसू आलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. मला बरं वाटलं. मी काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, आणि सानिका घरी. तिकडे तिला पडण्याचं दुःख होणार, होईल थोडे दिवस. नर्सला इथे काय नोकऱ्यांना तोटा आहे? निशिगंधाच्या हॉस्पिटलात सदा माणसं कमीच असतात. मी तिच्या खोलीची खिडकी उघडली, पडदे धुतले, दुकानात जाऊन नवं पांघरूण आणलं. प्रमोदने प्रचार कसा चाललाय विचारलं तर म्हटलं, उत्तम.

रविवारी सानिकाचा फोन आला. आवाज बसलेला. दिवसभर पावसात दारोदार फिरली होती. ती म्हणाली, लोक फार प्रेमाने बोलतात, चहा देतात, पण कुणी नजरेला नजर देत नाही, काय बिनसलंय कळत नाही. मी हवा विचारली. तिने हवा सांगितलीच नाही. मग म्हणाली, "बाबा, आय हॅव नेव्हर वॉन्टेड एनीथिंग धिस मच." लहानपणी कधी पोरीने हट्ट केला नाही. विनया म्हणायची, हिला काही हवं असतं की नाही देव जाणे. आणि आता हवं होतं, तर ते मी खिशात घालून बसलो होतो.

फोन ठेवल्यावर मी नव्या पांघरुणाची घडी घालून ते कपाटात टाकलं.

दुसऱ्या सकाळपासून उलटा प्रचार सुरू झाला. एकेकाला फोन करून सांगायचं की मी अजिबात एकटा नाही. फार मजेत आहे. घरात माणसांचा नुसता राबता असतो. कुणाचा विश्वास बसेना. मिक म्हणाला, शूर आहेस. ब्रिडी म्हणाली, आम्हाला बरं वाटावं म्हणून किती बोलतोस. मी जितक्या जोरात मजेत असल्याचं सांगत होतो तितकी सानिकाची मतं घटत होती. आणि वेळ उरला नव्हता. नर्सिंग होममधल्या लोकांची मतं आधीच, पोलीस बरोबर घेऊन आलेला अधिकारी तिथे येऊन घेऊन जातो. तो पुढच्या मंगळवारी यायचा होता, आणि ब्रिडीचा शब्द घेतल्याशिवाय गावातलं कुणी हलणार नव्हतं.

मी मंडळाची बैठक बोलावली आणि सगळं सांगितलं. म्हणजे गावाचा गैरसमज झालाय एवढं सांगितलं. समज काय होता ते गुळमुळीत ठेवलं. निशिगंधाने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण काही विचारलं नाही. प्रमोद म्हणाला, शक्तिप्रदर्शन. ब्रिडीला व्हिडिओ कॉल करायचा आणि तुमचं घर माणसांनी भरलेलं दाखवायचं. फक्त तिकडे संध्याकाळ हवी म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळी सहाला जमावं लागेल.

यावर सगळे आपापल्या घड्याळाकडे बघू लागले. मराठी माणूस थंडीत सकाळी सहाला दोनच कारणांनी उठतो, विमान पकडायचं असेल तर किंवा दिवाळीत. निशिगंधा म्हणाली, मग दिवाळी पहाट समजा. प्रचार पहाट. काका पोहे करतील. पोहे म्हटल्यावर हात वर झाले. आणि लक्षात ठेवा, तिने बजावलं, आपण रोज इथे येतो असं दिसलं पाहिजे, साध्या कपड्यांत या.

शनिवारी पहाटे सगळे आले. व्हिडिओ कॉल म्हटल्यावर बायका पैठणीत आल्या आणि पुरुष कुडत्यांत. प्रमोदने तर फेटा बांधला होता. दाराशी चपला, जँडल्स आणि गमबूट यांचा ढीग झाला. इतक्या चपला त्या दाराशी विनयाच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच पडल्या. मी परातभर पोहे केले होते. मी कॉल लावला. तिकडे ब्रिडीच्या पलंगाभोवती सगळे व्हीलचेअर आणि वॉकर घेऊन जमले होते आणि त्यांच्या मागे कपाटावर आमचा फ्लेक्स.

त्यानंतर जे झालं ते माझ्या ताब्यात नव्हतं. तिकडची मंडळी फ्लेक्सवरचे चेहरे ओळखून ओरडायला लागली, हा तो वरच्या रांगेतला मिशीवाला, ही ती मधली. इकडची मंडळी आपापला चेहरा कुठे लागलाय ते बघायला फोनवर तुटून पडली. वरच्या रांगेवरून बोलणं सोडलेली दोन्ही कुटुंबं एकाच चौकटीत यावं लागल्याने बोलू लागली. निशिगंधाने मिकला कोपराचा व्यायाम दाखवला. कुणीतरी पेटी काढली. मी मधे उभा राहून ब्रिडीला सांगत होतो की हे असं रोजच असतं, मला मेली दुपारची झोप मिळत नाही. माझ्या मागे प्रमोद फेटा सावरत, चमचे कुठेत काका, चमचे, असं ओरडत खणामागून खण उघडत होता आणि मी हाताने त्याला गप्प राहायची खूण करत होतो. ब्रिडी सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "बरं वाटलं, दीनानाथ. छान भरलंय तुझं घर."

कॉल संपला. उजाडायला लागलं होतं. शनिवारी इथे मुलांचे सामने असतात, कुणाचा फुटबॉल, कुणाचं नेटबॉल. पोहे संपले तशी पैठण्यांवर जाकिटं चढली आणि बघता बघता दाराशी माझेच तेवढे बूट उरले. प्रमोद जाताना म्हणाला, काका, मस्त झालं, असं वरचेवर केलं पाहिजे. सगळे हो हो म्हणाले. मी बशा धुतल्या. बशा खूप होत्या, ते एक बरं झालं.

मतमोजणी हाताने होते आणि ती माणसं घाईत नसतात. एकेक उमेदवार पडत होता, त्याची मतं दुसऱ्यांकडे जात होती. सोमवारी सकाळी फोन वाजला. आधी नुसता गलका ऐकू आला, मग सानिका रडत आणि हसत म्हणाली, "बाबा, आय गॉट इन. लास्ट सीट." मी पण रडलो. विनयाच्या फोटोकडे वळून तिला सांगितलं, तुझी बाय कौन्सिलर झाली.

सानिका थोडी शांत झाल्यावर म्हणाली, मिककडून कळलं, तुझ्या बाबांकडे घरभर माणसं असतात म्हणून. तिला फार बरं वाटलं होतं. इतके दिवस तिच्या मनात उगाच रुखरुख होती. या ख्रिसमसला ती यायचा विचार करत होती, पण आता कौन्सिलचं नवं काम, फुटपाथचा पाठपुरावा. "यू आर सॉर्टेड, बाबा. आय विल कम नेक्स्ट इयर, ओके?"

मी म्हटलं, अगदी बरोबर. आधी फुटपाथ. इथे माणसांची काय कमी आहे, उलट तू आलीस तर बसायला जागा नाही. ती हसली. मी पण हसलो. फोन ठेवला आणि चहा टाकला. दोन कप पाणी घेतलं होतं, त्यातलं एक ओतून दिलं. प्रचारप्रमुख म्हणून मी जिंकलो होतो. एवढं मोठं यश मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. ब्रिडी होती. निकालाचं तिने दोन वाक्यांत उरकलं आणि म्हणाली, "त्या फेटेवाल्याने तुझ्या स्वयंपाकघरातला प्रत्येक खण उघडला, दीनानाथ. रोज येणाऱ्या माणसाला चमचे कुठे असतात ते माहीत असतं."

मी विचारलं, मग मत?

"मत तिलाच दिलं. जो म्हातारा मुलीसाठी पहाटे घरभर माणसं गोळा करतो, त्याच्या मुलीला नाही द्यायचं तर कुणाला? गावालाही तसंच सांगितलं. पण आता तिला खरं सांग. मंगळवारी चहाला ती माझ्याकडे येते. तोवर तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

या बाईची भीती वाटते मला. मी तशीच हिंमत करून सानिकाला फोन लावला. ती अजून मोजणीच्या हॉलमध्येच होती, मागे लोक गात होते. मुद्द्याला हात घालवेना म्हणून मी चमच्यांपासून सुरुवात केली. प्रमोदचा फेटा सांगितला, पैठण्या सांगितल्या, पोहे सांगितले. ती खूप हसली. मग हसायची थांबली. ती बाहेर आली असावी, कारण गाणं ऐकू येईनासं झालं.

मी म्हटलं, "सानिका, रोज कुणी येत नाही गं. मला इथे फार एकटं वाटतं."

ती मराठीत बोलली. तिचं मराठी अडखळतं, शब्द शोधून शोधून लावते.

"बाबा, चमचे अजून गॅसच्या डावीकडे, दुसऱ्या खणातच आहेत ना?"

मी म्हटलं, हो, तिथेच आहेत.

"मी ख्रिसमसला येते. हलवू नका."

मी कशाला हलवतोय? तो खण विनयाने लावलेला आहे.